खुंटलेल्या वाटा आणि नवे जीवन : वऱ्हाडातील पुनर्वसनाचा एक अभ्यास

पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. जमीन काळी व कसदार. परंतु विहिरीचे पाणी खारे. ते पिकाला द्यावे तर जमीन बिघडते आणि तहानेला प्यावे तर घशाखाली उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्याकडे शाप म्हणूनच पाहिले गेले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने करावे काय, असा प्रश्न उभा राहिला. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा या गावाने त्याचे उत्तर दिले. तेथील खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले आणि वऱ्हाडचा सत्याग्रह सुरू झाला. पाणी तेच होते, विहीरही तीच होती. केवळ तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती.

मनुष्याच्या जीवनातही अशी वेळ येते. व्याधी, व्यंग, कर्ज, व्यसन किंवा अनाथपण यांमुळे पुढची वाट खुंटते. अशा वेळी ‘धीर धरा’ एवढा उपदेश पुरेसा ठरत नाही. निराश झालेल्या माणसाला पुन्हा उभे करण्यास नेमके काय लागते, हा केवळ भावनेचा प्रश्न नसून अभ्यासाचाही विषय आहे. वऱ्हाडच्या भूमीत या प्रश्नाची तीन ठळक उत्तरे कृतीतून दिली गेली आहेत. दापुरे येथे वाढलेल्या देबूजीचे जीवन, अमरावतीचे तपोवन आणि परतवाड्याजवळील वझ्झरचे बालगृह ही ती तीन उत्तरे होत.

दापुऱ्याचा देबूजी

संत गाडगे महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती पुढे हलाखीची झाली, तिचे मुख्य कारण दारू. वडील व्यसनापायी अकाली निवर्तले आणि आई सखुबाई लहानग्या मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. मुलाच्या वाट्याला गुरे राखणे आणि शेतातील कष्ट आले; शाळा आली नाही.

मामाच्या घरची शेती चांगली होती. परंतु निरक्षरता व भाबडेपणा यांचा लाभ घेऊन सावकाराने तिच्यावर आपला फास आवळला. त्या धक्क्याने मामा खचले व लवकरच वारले. कर्त्या वयाच्या देबूजीपुढे त्या काळी वऱ्हाडातील हजारो कुटुंबांसमोर असलेलीच परिस्थिती उभी होती. कर्ज डोक्यावर, जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणारी माणसे घरात.

या अनुभवातून त्यांनी जे निष्कर्ष काढले, तेच पुढे त्यांच्या कीर्तनाचे विषय झाले. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला नवस म्हणून मुका जीव मारू नका, मुलाबाळांना शिकवा. हा उपदेश त्यांनी प्रथम आपल्याच घरी आचरला. मुलीच्या बारशाला जातरिवाजानुसार मद्यमांसाचे जेवण द्यावयाचे असता त्यांनी गोडाचे जेवण दिले आणि भावकीचा रोष पत्करला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व खापराचे गाडगे एवढ्या साधनांनिशी सुरू झालेल्या या कार्यातून पुढे धर्मशाळा, पाणपोया, आश्रमशाळा आणि अपंग व कुष्ठरुग्णांसाठी सदावर्ते उभी राहिली. ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी त्यांनी लोकांच्या हाताने बांधून घेतलेला घाट हे या कार्याचे आरंभीचे चिन्ह होय. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. देबूजीने आपल्या दुःखाचे कारण नशिबात शोधले नाही. ते व्यसनात, अज्ञानात व कर्जात शोधले. संकटाला ‘दैव’ म्हटले की हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही. त्याची कारणे मोजता आली की एकेक कारण दूर करण्याचा प्रयत्न करता येतो. वाट खुंटलेल्या माणसाचे पहिले पाऊल हेच असते.

जिवंतपणीचे मरण

कुष्ठरुग्णाची स्थिती याहून कठीण होती. कर्जबाजारी झालेला शेतकरी निदान आपल्या माणसांत राहत असे. ‘महारोगी’ हा शिक्का बसलेल्या माणसाला मात्र घर, गाव, नाव व नाते या सर्वांना एकदम मुकावे लागे. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, अशी समजूत रूढ होती. देवळाच्या पायऱ्या, यात्रांचे रस्ते आणि रेल्वे स्थानकांचा परिसर येथे वाडगे पुढे करून बसलेली माणसे हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. १८९८ च्या कायद्यान्वये निराधार कुष्ठरुग्णास पकडून आश्रमात डांबता येत असे. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

वास्तविक या रोगाचे कारण विज्ञानाला केव्हाच उमगले होते. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. तो पापाने होत नाही, आनुवंशिकतेनेही येत नाही. जंतूंचा संसर्ग होऊनही बहुसंख्य लोकांना हा रोग होत नाही, कारण त्यांच्या शरीरात नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. रोगाचा मुख्य आघात त्वचा व मज्जातंतू यांवर होतो. मज्जातंतू निकामी झाले की हातापायांची संवेदना नष्ट होते. चुलीवरचे भांडे उचलताना बोटे भाजतात, अनवाणी चालताना काटा रुततो, पण वेदना होत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते. ती चिघळते आणि बोटे झडू लागतात. बोटे रोगाने ‘गळतात’ असे लोक समजत; प्रत्यक्षात ती उपेक्षित जखमांनी जातात. वेल्लोर येथे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कार्याने ही गोष्ट जगापुढे स्पष्टपणे मांडली आणि वाकड्या झालेल्या बोटांना शस्त्रक्रियेने पुन्हा काम करता येते हेही दाखवून दिले.

तपोवनाची उभारणी

डॉ. शिवाजीराव गणेश पटवर्धन यांचा जन्म २८ डिसेंबर १८९२ रोजी आजच्या कर्नाटकातील विजापूरकडील आसंगी या गावी झाला. व्यवसायाने ते होमिओपॅथीचे चिकित्सक. अमरावती ही त्यांनी आपली कर्मभूमी मानली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला व कारावास भोगला. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कार्याशीही त्यांचा निकटचा संबंध होता. सशक्त तरुणांची पिढी घडविण्याच्या कार्यात रमलेल्या या डॉक्टरांनी वयाची पन्नाशी उलटल्यावर समाजातील सर्वांत दुर्बल मानल्या गेलेल्या माणसांकडे आपले सर्व लक्ष वळविले. १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना झाली आणि अमरावती शहराबाहेरच्या माळावर श्री जगदंबा कुष्ठ निवास, म्हणजेच ‘तपोवन’, आकारास येऊ लागले.

या कार्याला विदर्भात पार्श्वभूमी होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवेस आरंभ केला होता. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली आणि कुष्ठसेवेचा आपल्या रचनात्मक कार्यक्रमात समावेश केला. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले ते १९४९ नंतरच्या काळात. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन ही तीनही केंद्रे विदर्भात अवघ्या दीड दशकाच्या आत उभी राहिली, ही या प्रदेशाला भूषणावह अशी बाब आहे.

तपोवन असे नाव निवडण्यातही विचार होता. ‘आश्रय’ म्हटले की घेणारा दीन ठरतो. ‘तप’ म्हटले की तो साधक होतो. येथे येणाऱ्याला रुग्णशय्या आणि अन्न एवढेच मिळणार नव्हते, त्याला कामही मिळणार होते. औषधोपचाराच्या जोडीला शेती, बागाईत, गोपालन, विणकाम, सुतारकाम असे उद्योग सुरू करण्यात आले. खडकाळ माळावर झाडे लावली गेली. ज्याच्या हाताला बोटे नाहीत त्यालाही पाणी घालता येते, ज्याचे पाय अधू आहेत त्यालाही मागावर बसता येते, असा शोध घेत प्रत्येकाच्या उरलेल्या शक्तीनुसार कामाची वाटणी झाली.

भिक्षा आणि मजुरी यांत पैशाचा फरक थोडा असेल. मनावरील परिणामाचा फरक मात्र फार मोठा असतो. भिक्षा घेणाऱ्याला आपले व्यंग पुढे करावे लागते. व्यंग जितके भयानक तितकी भिक्षा अधिक. त्यामुळे बरे होण्यात त्याला लाभ दिसत नाही. काम करणाऱ्याला आपले कौशल्य पुढे करावे लागते आणि हाताची जखम म्हणजे बुडालेली मजुरी असते. म्हणून तो जखमेची काळजी घेऊ लागतो, पादत्राण वापरू लागतो, औषध वेळेवर घेऊ लागतो. काम हे अशा रीतीने उपचाराचाच एक भाग बनते. तपोवनासारख्या संस्थांनी हे तत्त्व प्रत्यक्षात आणून दाखविले.

या कार्याचा गौरव म्हणून भारत सरकारने १९५९ मध्ये डॉ. पटवर्धन यांना ‘पद्मश्री’ प्रदान केली. ७ मे १९८६ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज तपोवनाच्या प्रवेशद्वारानजीकच संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा परिसर आहे. एके काळी ज्या वाटेने जाण्यास लोक कचरत, त्या वाटेने विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू असते.

औषध आले, पण दार उघडले काय?

तपोवनाच्या स्थापनेच्या सुमारासच कुष्ठरोगाच्या उपचारात मोठी क्रांती घडली. तोपर्यंत चालमोगऱ्याच्या तेलावरच भिस्त होती. त्याची वेदनादायक टोचणी वर्षानुवर्षे घेऊनही गुण बेताचाच येई. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि डॅप्सोनच्या गोळीने उपचार सर्वांच्या आवाक्यात आणला. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाल्याचे आढळले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली हा उपचार टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचला. सौम्य प्रकारात सहा महिने व तीव्र प्रकारात बारा महिने नियमित औषध घेतल्यास रोगी पूर्ण बरा होतो. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठले.

तथापि, औषधाने जंतू मरतात. भीती मरत नाही. बरा झालेला मनुष्य गावी परतला की त्याच्या वाकड्या बोटांवरून त्याची ओळख पटे. घरातील भावंडांची लग्ने अडतील म्हणून अनेकांना घरचेच ‘येऊ नका’ असे सुचवीत. परिणामी पुष्कळांना जन्मगावापेक्षा वसाहतच जवळची वाटू लागली. तेथेच त्यांचे विवाह झाले, तेथेच निरोगी मुले जन्मली व वाढली. ज्या कुंपणाने त्यांना एके काळी संरक्षण दिले, तेच कुंपण जगापासून त्यांना वेगळे ठेवणारेही ठरले.

कोणत्याही पुनर्वसन संस्थेपुढील हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. आसरा देताना तो कायमचा विलगवास होऊ नये, हे कसे साधावे? याचे उत्तर संस्थेच्या आत थोडे आणि बाहेर अधिक आहे. संस्था माणसाला काम शिकवू शकते. परंतु त्याने केलेली वस्तू विकत घेणे, त्याच्या मुलाला शाळेत इतरांच्या शेजारी बसविणे आणि त्याच्या घरी जाऊन पाणी पिणे ही कामे समाजाची आहेत. कायद्याने या दिशेने पावले टाकली आहेत. अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९५ व २०१६ या दोन्ही कायद्यांत कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये वगळण्यात आली. कायद्याने उघडलेले दार लोकांनी आतून बंद करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

वझ्झरची मुले

अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वझ्झर येथे याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर पाहावयास मिळते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे संस्थापक अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने येथे मतिमंद, मूकबधिर व बेवारस बालकांचे बालगृह चालते. गाडगेबाबांच्या विचारांनी प्रेरित झालेले शंकरबाबा पापळकर हे त्याचे प्रमुख. रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली मुले पोलिसांच्या मार्फत येथे आली आणि शंभराहून अधिक जणांचे हे कुटुंब झाले.

येथील पहिली गोष्ट म्हणजे नाव. ज्यांच्या जन्माची नोंद नाही, त्यांना शंकरबाबांनी स्वतःचे आडनाव दिले. कागदोपत्री पित्याच्या रकान्यात आपले नाव लावले. दुसरी गोष्ट म्हणजे काम. या मुलांनी उजाड टेकडीवर हजारो झाडे लावून वाढविली. तिसरी गोष्ट म्हणजे कायमचे घर. अनाथालयातील मुलाला वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडावी लागते, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु ज्याला बोलता येत नाही, दिसत नाही किंवा स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्या अठरा वर्षांच्या मुलाने जावयाचे कोठे? अशा दिव्यांग अनाथांना आजन्म पुनर्वसनाचा हक्क मिळावा, हा आग्रह शंकरबाबांनी अनेक वर्षे धरला आहे. येथील अनेक मुलींचे विवाह समारंभपूर्वक झाले, काही मुले नोकरीस लागली आणि येथेच वाढलेल्या एका दृष्टिहीन मुलीने २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळविले. त्याच वर्षी शंकरबाबांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

अभ्यासातून निघणारा बोध

तिन्ही उदाहरणे भिन्न काळातील व भिन्न दुःखांची आहेत. त्यांतून काही समान सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र कारणांचे ज्ञान. देबूजीने दारू व कर्ज यांना नाव दिले. विज्ञानाने कुष्ठरोगाच्या जंतूला नाव दिले. ‘पाप’ व ‘दैव’ या शब्दांची जागा कारणांनी घेतली, तेव्हाच उपाय सुरू झाला.

दुसरे सूत्र शिल्लक शक्तीचा हिशेब. काय गेले याची मोजणी करीत बसल्याने निराशा वाढते. उरलेल्या दोन बोटांनी काय करता येईल, असे विचारणारा कार्यकर्ता भेटला की माणूस उभा राहतो.

तिसरे सूत्र नियमित काम व त्याचा मोबदला. एका दिवसाच्या उत्साहाने कोणाचेही जीवन पालटत नाही. रोज ठरावीक वेळी करावयाचे काम आणि आपली कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव यांचे बळ मोठे असते.

चौथे सूत्र सोबतीचे. यांपैकी कोणीही एकट्याने तरून गेलेला नाही. तपोवनातील रुग्णाला डॉक्टर भेटला, वझ्झरच्या मुलाला पिता भेटला. निराश माणसाने हात पुढे करणे यात कमीपणा नाही आणि शेजाऱ्याने तो हात धरणे यात उपकार नाही.

वऱ्हाडात आजही निराशेची कारणे संपलेली नाहीत. पावसाचा लहरीपणा, कापसाचा भाव आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. जो मनुष्य अबोल झाला, बाजारात व पारावर येईनासा झाला, त्याची चौकशी त्याच दिवशी झाली पाहिजे. गावातील आरोग्य सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक व सरपंच यांनी अशा घराचा उंबरठा ओलांडावा. शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्याविषयी सल्ला व उपचार मिळतात. निराधारांना १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे साहाय्य मिळू शकते.

कुष्ठरोगाविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा आढळल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. औषध मोफत मिळते. वेळीच उपचार झाल्यास ना बोटे वाकतात, ना घर सोडावे लागते. तपोवनात ज्यांनी आपले आयुष्य नव्याने उभारले, त्यांच्यापैकी अनेकांना ही संधी मिळाली नव्हती. ती आजच्या प्रत्येक रुग्णाला मिळावी आणि बरा होऊन तो आपल्याच अंगणात परतावा, यासाठी गावोगावी दक्षता बाळगणे हीच या कर्मयोग्यांच्या कार्याची खरी कृतज्ञता ठरेल.